पुण्यात चवदार बिअर कशी शोधावी आणि कोणाला कोणती सुचवावी?

कोथरूडमधील एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते आणि त्यांचे मित्र आजवर बाटलीतली नेहमीची लागर, म्हणजे थंड तापमानात आंबवलेली हलकी बिअर, पीत आले. गेल्या काही महिन्यांत त्यांनी मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरीत, जाऊन आयपीए (इंडिया पेल एल हा कडवट प्रकार) घेतली, ती सगळ्यांना कडूजहर लागली. मग नेहमीच्या तिप्पट पैसे मोजून जर्मनीहून आलेली बिअर आणली, तर तिला ओल्या पुठ्ठ्याची चव होती. चवदार बिअर नेमकी कशी शोधावी, मित्रांना कोणती सुचवावी, आणि दिवाळीला घरी येणाऱ्या, व्हिस्कीखेरीज काही न घेणाऱ्या सासऱ्यांसमोर कोणती ठेवावी, असे ते विचारतात. हॉटेलांसाठी बिअर निवडणे आणि ती वाढणाऱ्या मंडळींना शिकवणे हे माझे काम असल्याने हे तिन्ही प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत.

पुठ्ठ्याची गोष्ट मी आधी घेतो, कारण बाकीचे बरेचसे उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. ती चव त्या ब्रुअरीने केलेल्या बिअरची नव्हे. ती बिअर जुनी झाल्याची खूण आहे. बाटली भरताना झाकणाखाली थोडा तरी ऑक्सिजन राहतोच. त्याच्या संयोगाने आणि काळ जाईल तसतशी बिअरमध्ये काही संयुगे जाणवू लागतात, ज्यांतले ट्रान्स-टू-नोनेनल हे ओल्या पुठ्ठ्याच्या वासासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याच काळात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, ताजा सुगंध ओसरतो आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा चिकट, मधासारखा होतो. तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. आता युरोपातून निघालेल्या बाटलीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा: जहाजातला कंटेनर, न्हावाशेवा बंदर, सीमाशुल्काचे गोदाम, वितरकाचे गोदाम आणि शेवटी दुकानातली मांडणी. यांतला एखादा टप्पा एप्रिल-मेमध्ये आला, की पुण्याच्या ४० अंशांच्या आसपासच्या उन्हाळ्यात ती बाटली काही आठवड्यांतच म्हातारी होते. तुम्ही मोजलेले जादा पैसे बहुतांशी कराचे आणि वाहतुकीचे होते, ताजेपणाचे नव्हते.

म्हणूनच माझे सांगणे असे, की पुण्यात राहून बिअर निवडताना देशाचे आणि ब्रँडचे नाव पाहण्याआधी ती बिअर प्रवास सोसणारी आहे का, हे पाहावे. ज्या बिअरची सारी गंमत ताज्या हॉप्समध्ये किंवा नाजूक, स्वच्छ माल्टमध्ये आहे, ती इथेच बनलेली, नळावरची प्यावी. आणि आयात बिअरवरचा खर्च ज्या बिअर मुळातच थोड्या वयासाठी बांधलेल्या असतात, त्यांच्यासाठी राखून ठेवावा. बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात. बाहेरून आलेली फिकट लागर घेतात, जी सर्वांत आधी बिघडते, आणि मायक्रोब्रुअरीत जाऊन सर्वांत जड बिअर मागवतात.

प्रवास सोसणाऱ्या बिअरमध्ये माझ्या मते पहिला मान बेल्जियमचा. तिथल्या अनेक बिअर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवल्या जातात, म्हणजे भरताना थोडी साखर आणि जिवंत यीस्ट घालतात; ते यीस्ट आत उरलेला बराचसा ऑक्सिजन स्वतःच वापरून टाकते. शिवाय त्यांत अल्कोहोल जास्त असते आणि त्यांची चव हॉप्सपेक्षा यीस्टवर उभी असते. डुव्हेल ही ८.५ टक्क्यांची सोनेरी बिअर याचे उत्तम उदाहरण: रंग पाहून माणूस लागर समजतो आणि पहिल्या घोटाला नासपती, मिरी आणि कोरडा शेवट असे सगळे एकदम समोर येते. ट्रॅपिस्ट मठांच्या बिअर, म्हणजे मठाच्या आवारात साधूंच्या देखरेखीखाली बनणाऱ्या, याच गटातल्या. शिमेच्या मठात १८६२पासून बिअर बनते, तर वेस्टमालेच्या मठाची ट्रिपेल, म्हणजे जास्त अल्कोहोलची सोनेरी बिअर, १९३४मध्ये आली आणि त्या प्रकाराचा नमुनाच ठरली. ब्रसेल्सजवळची लँबिक, जिच्यात यीस्ट घालत नाहीत आणि हवेतल्या जिवाणूंवर व रानटी यीस्टवर आंबवण सोडून देतात, तीही टिकाऊ असते. मात्र आपल्याकडे तिचे फळ घातलेले गोड रूपच अधिक दिसते. ते वाईट नाही, पण त्यावरून मूळ लँबिकचा अंदाज बांधू नये.

जर्मन गव्हाच्या बिअर मधल्या पायरीवर बसतात. म्युनिकजवळच्या फ्रायझिंगमधील वाइहेनश्टेफान ही ब्रुअरी आपली परंपरा १०४०पासून सांगते, आणि तिची ५.४ टक्क्यांची हेफेवाइझन ताजी मिळाली तर या प्रकारात तिला तोड नाही. पिकलेल्या केळ्याचा वास आणि मागून येणारी लवंग हे दोन्ही यीस्टच तयार करते, केळी किंवा लवंग त्यात कोणी घालत नाही. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा असतो आणि तो काळाबरोबर फिका पडतो. म्हणून ही बिअर घ्यावी, पण तारीख पाहूनच. चेक पिल्सनरबाबत मी आणखी कडक आहे. पिल्झेन गावात १८४२मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. आज जगातल्या बहुतेक फिकट लागर तिच्याच वंशातल्या, आणि पिल्सनर उर्क्वेल नावाने ती अजून तिथेच बनते. साझ या चेक जातीच्या हॉप्सचा तिचा गवताळ, किंचित मसालेदार वास सहा महिन्यांनी अर्धाही उरत नाही. ती जुनी दिसली तर मी बाटली परत मांडणीवर ठेवतो आणि कोणालाही तेच करायला सांगतो.

तारीख कशी पाहावी? भारतात बनलेल्या बिअरवर उत्पादनाची तारीख सरळ छापलेली असते. युरोपातून आलेल्या बाटलीवर पुष्कळदा फक्त ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असे असते. लागर आणि गव्हाच्या बिअरसाठी ती मुदत बहुधा एक वर्षाची किंवा त्याहून थोडी अधिक धरलेली असते, तेव्हा त्या तारखेतून वर्ष वजा केले की बाटलीच्या वयाचा अंदाज येतो; टिकाऊ बेल्जियन बिअरची मुदत मात्र कित्येक वर्षांची असते. आयातदाराने चिकटवलेल्या पट्टीवर आयातीचा महिना, आयातदाराचा पत्ता आणि किंमत असते. ही पट्टीच नसेल आणि ‘उत्पादन’ या शब्दापुढे भारतातले ठिकाण असेल, तर ती बिअर परदेशी नावाची असली तरी इथे बनलेली आहे. बडवायझर आणि कार्ल्सबर्ग इथेच बनतात. यात कमीपणा काहीच नाही, उलट ती ताजी असण्याची शक्यता अधिक. फक्त ‘इम्पोर्टेड’ म्हणून वेगळा भाव देऊ नये.

बिअर शॉपीतल्या काचेच्या फ्रिजबद्दल दोन शब्द. हॉप्समधली कडू द्रव्ये प्रकाशात मोडतात आणि त्यातून एक गंधकयुक्त संयुग तयार होते, ज्याचा वास कुबट, जनावरासारखा येतो. हिरवी आणि पारदर्शक काच हा प्रकाश अडवत नाही, तपकिरी काच बऱ्यापैकी अडवते आणि कॅन पूर्णच अडवतो. ट्यूबलाइटखाली पहिल्या रांगेत आठवडेच्या आठवडे उभी असलेली हिरवी बाटली घेऊ नये. मागच्या रांगेतली मागावी, दुकानदार कुरकुरला तरी मागावी. थंड बिअर एकदा कोमट झाली की वाया गेली, हा समज मात्र अर्धवट खरा आहे. कर्वे रस्त्यावरून घरी येईपर्यंत ती कोमट झाल्याने काही बिघडत नाही. बिघडवते ते एकूण किती दिवस ती उष्णतेत राहिली हे.

आता इथल्या ताज्या बिअरकडे येतो. पुणे या बाबतीत भाग्यवान आहे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९मध्ये इथेच सुरू झाली. नंतर मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, पुढे एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी नावे वाढत गेली, आणि मूनशाइनने मधापासून बनणारे मीड बाजारात आणले. मी मुद्दामच ‘अमुक ठिकाणची अमुक बिअर घ्या’ असे सांगत नाही, कारण या जागांच्या बिअरच्या याद्या दर काही आठवड्यांनी बदलतात, आणि एकाच नावाची बिअर दोन वेगळ्या घाण्यांत वेगळी लागू शकते. सांगण्यासारखी आहे ती विचारण्याची पद्धत. ‘तुमच्याकडे सर्वांत चांगले काय?’ असे विचारले की सर्वांत जास्त खपणारी किंवा सर्वांत महाग बिअर समोर येते. ‘सर्वांत अलीकडे कोणती टाकी किंवा कोणता केग (बिअरचे पिंप) लावला?’ असे विचारावे. चवीला थोडीशी मागावी. बहुतेक चांगल्या जागा छोट्या ग्लासात आनंदाने देतात, किंवा सॅम्पलर ट्रे असतो. आयपीए विचारात असेल तर ती कधी बनली हे हमखास विचारावे, कारण सुगंधासाठी थंड बिअरमध्ये वरून हॉप्स घातलेली, विशेषतः ओट घालून गढूळ ठेवलेली हेझी आयपीए महिन्या-दीड महिन्यात आपले तेज गमावते.

चव घेताना काही खुणा लक्षात ठेवाव्यात. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आला तर ते डायअसिटिल असते. बिअर यीस्टवर पुरेशी न राहता घाईने काढली तर हे होते, आणि नळाच्या नळ्या अस्वच्छ असल्या तरी होते. हिरव्या सफरचंदाचा कच्चा वास बिअर अजून कोवळी असल्याचा. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास हा उकळण्यात किंवा लगेच थंड करण्यात कसर राहिल्याचा. आणि जी बिअर आंबट असायला नको तिच्यात व्हिनेगरसारखा आंबटपणा आला, तर बहुधा नळी धुतलेली नाही; हा दोष एका बिअरमध्ये दिसला तर त्याच जागेची दुसरी बिअरही सावधपणे घ्यावी. दोष सापडला तर शांतपणे सांगावे. ब्रुअर जागेवर असेल तर तो स्वतः येऊन चव घेतो, आणि तो येतो की नाही यावरूनही त्या जागेची पारख होते.

आयपीए कडू लागली यात तुमच्या जिभेचा दोष नाही. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात; हेफेवाइझनमध्ये तो ८ ते १५ असतो, चेक पिल्सनरमध्ये ३० ते ४५, आणि अमेरिकन पद्धतीच्या आयपीएमध्ये ४० ते ७०. आपल्याकडच्या लागर इतक्या मवाळ असतात की तिथून थेट ६०वर उडी मारणे म्हणजे शिक्षाच. मित्रांना न्यायचे असेल तर आधी ताजी, नीट बनवलेली पिल्स (पिल्सनर) किंवा हेलेस (जर्मन फिकट लागर) द्यावी, म्हणजे ओळखीच्या चवीतच माल्ट म्हणजे काय ते कळते. मग गव्हाची, मग पेल एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर) आणि त्यानंतर आयपीए. आयपीएतही सिट्रा किंवा मोझेक या जातींच्या हॉप्सची निवडावी, कारण त्यांचा आंब्या-पपनसाचा वास कडवटपणाची वाट सोपी करतो.

मात्र ही सरळ शिडी सगळ्यांना लागू पडत नाही, आणि सुचवण्याचे खरे कौशल्य इथेच आहे. मी समोरच्याला बिअरबद्दल कमी आणि खाण्याबद्दल जास्त विचारतो. कोरी कॉफी आवडते का? मग पोर्टर किंवा स्टाउट, जिच्यात भाजलेल्या बार्लीमुळे कॉफी आणि कडू चॉकलेटची चव येते. काळा रंग पाहून ती जड असेल असे वाटते, पण गिनेस ड्राफ्ट जेमतेम ४.२ टक्क्यांची असते आणि तिचा मऊपणा नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांमुळे येतो. कारले आणि मेथी मनापासून खाणाऱ्याला मी पहिल्याच भेटीत आयपीए देतो आणि तो बहुधा खूश होतो. गोड आवडणाऱ्याला, केळ्याच्या शिकरणावर वाढलेल्या माणसाला हेफेवाइझन. सुगंधी पण हलके काही हवे असेल तर बेल्जियन पद्धतीची विटबिअर, जिच्यात धणे आणि कडू संत्र्याची साल पडते. हा प्रकार जवळपास नामशेष झाला होता, तो पियेर सेलिस यांनी १९६६मध्ये होगार्डन गावात पुन्हा सुरू केला. आणि ज्याला सोलकढी किंवा मठ्ठा आवडतो त्याच्यासाठी गोझे, म्हणजे मीठ आणि धणे घातलेली आंबट जर्मन बिअर. इथल्या ब्रुअरी कधी कधी आंबट बिअरमध्ये कोकम घालतात, ती दिसली तर चुकवू नये. माझा अनुभव असा, की मराठी जीभ कडूपेक्षा आंबट फार लवकर स्वीकारते. आंबट बिअर शेवटी शिकवावी, हा पुस्तकी क्रम पुण्यात मी कधीच मोडीत काढला आहे.

खाण्याची जोडीही इथल्याच ताटातून ठरवावी. अल्कोहोल आणि कडवटपणा तिखट वाढवतात. म्हणून झणझणीत मिसळ किंवा तांबडा रस्सा समोर असताना आयपीए घेतली तर तोंडाची आग होते. तिथे गव्हाची बिअर किंवा किंचित गोडसर माल्टी लागर हवी. कुरकुरीत बोंबील, कोथिंबीर वडी, खेकडा भजी यांच्याबरोबर पिल्स, कारण तिचा फेस आणि कोरडेपणा तेल धुऊन नेतात. निखाऱ्यावरच्या मांसाबरोबर स्टाउट. खारे शेंगदाणे कशाबरोबरही चालतात, पण चव घेण्याच्या वेळी ते बाजूला ठेवावेत, कारण मीठ कडवटपणा दाबते आणि तेल फेस मारते.

तापमानाचा मुद्दा फार जण हसण्यावारी नेतात. बर्फगार बिअरला वास नसतो, आणि चवीचा मोठा भाग वासच असतो. पिल्स ५ ते ७ अंशांवर, गव्हाची थोडी वर, एल ८ ते १२वर द्यावी. थर्मामीटर नसला तर बाटली फ्रिजबाहेर पाच-दहा मिनिटे ठेवणे पुरते. फ्रीजरमधला दवाने पांढरा झालेला मग पाहायला छान दिसतो, एवढेच.

एक गैरसमज मात्र स्पष्टपणे खोडला पाहिजे: ‘स्ट्राँग’ म्हणजे चवदार नव्हे. आपल्या बाजारात सर्वाधिक खप स्ट्राँगचा आहे, आणि तिचे अल्कोहोल पुष्कळदा माल्टऐवजी साखर किंवा तांदळासारख्या स्वस्त घटकांतून वाढवलेले असते, त्यामुळे नशा वाढते पण चव पातळच राहते. डुव्हेल आणि अशी स्ट्राँग बिअर टक्केवारीत जवळ असल्या तरी त्यांची तुलना होत नाही. चव घेण्याच्या बैठकीत हलक्या बिअरपासून जड बिअरकडे जावे, दर ग्लासात १०० मिलीहून अधिक ओतू नये, मधूनमधून पाणी प्यावे आणि चार प्रकारांवर थांबावे. त्यापुढे जीभ काही सांगत नाही. महाराष्ट्रात माइल्ड, म्हणजे स्ट्राँग नसलेल्या, बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो, हे मित्रमंडळ जमवताना ध्यानात असू द्यावे. परतीसाठी रिक्षाच बरी.

राहता राहिले सासरे. व्हिस्की घेणाऱ्या माणसाला फिकट बिअर पाणी वाटते, आणि ‘बिअर म्हणजे पोरांचे पेय’ हे त्यांचे मत आणखी पक्के होते. त्यांच्यासाठी मी शिमेची निळ्या लेबलची बिअर निवडेन. ती ९ टक्क्यांची, गडद तपकिरी आहे; तिच्यात मनुका, खजूर, जळलेली साखर आणि थोडी मिरी यांचा आभास असतो, आणि जुन्या लाकडी पिंपातल्या व्हिस्कीची सवय असलेल्याला या चवी परक्या वाटत नाहीत. लेबलवर वर्ष छापलेले असते. एक-दोन वर्षे जुनी असली तरी हरकत नाही, ती त्यासाठीच बनलेली आहे, फक्त बाटली उन्हात तापलेली नसावी. मोठ्या वाइन शॉपमध्ये आधी फोन करून विचारावे, कारण आयात बिअरचा पुरवठा आणि लेबलांची नोंदणी दर वर्षी बदलते. ती नसेल तर डुव्हेल घ्यावी. १० ते १२ अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटांनी, रुंद पोटाच्या ग्लासात द्यावी, बर्फ किंवा सोडा न घालता. सावकाश ओतावी आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू द्यावा. बरोबर चकली किंवा सुके मटण ठेवावे. जेवणानंतर उरली तर डिंकाच्या लाडवाबरोबरही ती सुरेख जाते. प्रमाणाचा हिशेब मात्र त्यांना आधीच सांगावा: ३३० मिलीच्या या एका बाटलीत सुमारे ३० मिली शुद्ध अल्कोहोल असते, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २६ मिली. पहिली बाटली तुम्ही दोघांनी वाटून घ्यावी आणि दुसरी उघडायची की नाही, ते त्यांनाच ठरवू द्यावे.